सेन्सरवरचा पांढरा थर

१० डिसेंबर २०१०
पोचलो. पुण्याहून उदगीर अकरा तास, पुढं ठाणाकुशनूरला जीपनं. अंग मोडून आलंय. मंगलअक्काच्या दारात गाडी उभी — मीच पुण्यात बघितलेली, मीच दुरुस्त करून दाजींना घेऊन दिलेली. "डोळे झाकून घ्या, इरप्पा दाजी" म्हणालो होतो! आता मीटरवर पिवळा दिवा, मागं काळा धूर, आणि पेट्रोल तर नुसतं पितीया. दिवाळीपासून असंच. वीस तारखेला दत्तजयंती, गाणगापूरची गिऱ्हाइकं ठरलेली. वर्षभराची कमाई त्या आठवड्यात असते.
आमचे अप्पा आई गेल्यापासून अक्काकडंच, लेकीच्या घरी राहतात. मी पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "आले का सातवी नापास मिस्त्री!"

११ डिसेंबर
सेन्सर तपासला. धुरात ऑक्सिजन किती ते हा सांगतो, त्यावर इंजिन पेट्रोल घेतं. गॅरेजचं मशीन इथं कुठलं? सोबत आणलेला मल्टीमीटर, आणि अक्काची शिवायची सुई. गाडी पंधरा मिनिटं तापवली. सुई काळ्या वायरीत टोचली, लाल टोक सुईला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. चांगला सेन्सर असला की आकडा नाचतो — पॉइंट एक, पॉइंट नऊ, परत एक. हा पॉइंट दोनवर बसलेला. हवेच्या तोंडावर फडकं दाबलं, म्हणजे आकडा वर उडायला पाहिजे. न्हाई.
खोलायला गेलो तर नट गंजलेला. हात भाजला. तेल सोडून ठेवलंय.
सेन्सर उगाच मरत न्हाई. दाजी पेट्रोलमध्ये रॉकेल मारत असतील. दुसरं काय?

१२ डिसेंबर, रविवार
बोलून बसलो. सगळ्यांसमोर.
"दाजी, रॉकेल घालायलाव काय?"
अक्काच्या हातातली परात खाली आपटली. "कामून रं असं बोलतूस? घरात चुलीला रॉकेल मिळंना!"
मी म्हणालो, मग भंडारा उचला.
मस्करीत म्हणालो का खरंच, मलाच कळेना. पण अप्पा उठले, देव्हाऱ्यातला मैलाराचा, म्हणजे आमच्या खंडोबाचा, भंडारा घेऊन आले. आमच्यात भंडारा उचलून शपथ घेतली की विषय संपला. पण ज्याला उचलायला लावतात त्याची मान जन्मभर खाली.
दाजींनी चिमूट उचलली. कपाळाला लावली. "न्हाई घातलं." मग माझ्याकडं बघून हसले. "आता तरी नट खोल की, पावणं."
कुणी नीट जेवलं न्हाई.

१३ डिसेंबर
नट सुटला. सेन्सरचं टोक काळं असायला पाहिजे. पांढरं होतं! चुना लावल्यासारखं.
गॅरेजच्या उस्तादांना पुण्याला फोन लावला. म्हणाले, "अबे, सिलिकॉन किसने लगाया? उसका धुआँ सेन्सर को मार देता है."
मी लावलं. मे महिन्यात, गाडी दाजींना द्यायच्या आधी. इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल गळत होतं, गॅरेजातली पेस्ट संपलेली, उस्ताद गावाला. शेजारी फरशीवाल्याकडं बाथरूमच्या सिलिकॉनची पांढरी ट्यूब होती. तीच भरली. एवढ्यानं काय होतंय म्हणालो. ट्यूब कुठं टाकली आठवत न्हाई.
सांगायला गेलो. अक्का भाकरी वाढायली होती. दाजींच्या कपाळाला पिवळं अजून होतं. ताट पुढं ओढलं.

१४ डिसेंबर
सांगितलं न्हाई.

१५ डिसेंबर
उस्तादांनी बसवाल्याकडं नवा सेन्सर धाडला. झाकण खोलून पांढरं सगळं खरवडून काढलं, बरोबर पेस्ट लावली. सेन्सर बसवला. आकडा नाचायला लागला. दिवा गेला, धूर गेला.
अप्पा दारोदार सांगत हिंडायलेत — "आमच्या पोरापुढं उदगीरचे बी मिस्त्री हात टेकतेत!" ऐकवत न्हाई. उद्या निघतो. कुठंच चार दिवस टिकत न्हाई मी.

१६ डिसेंबर
दाजी उदगीरला सोडायला आले. बसमध्ये चढताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत कोंबलं. पांढरी ट्यूब.
"डिकीत व्हती. पोरांच्या हाताला लागंल."
कधीपासून, विचारलं.
"दिवाळीत हितल्या मिस्त्रीनं झाकण बघूनच सांगितलं, सेन्सर ह्येनंच गेला. म्हनलं ऱ्हाऊ दे, आमचं पावणं येनार हाय, त्येच करंल." बस सुटली तसे दोन पावलं सोबत चालले. "कुण्या येड्यानं लावलं म्हून लई हसला बग त्यो. म्या म्हनलो — म्याच."