सहा दोन तऱ्हांनी फुटतो म्हणे

अहो,

काल तुमचा दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे उन्हात ताटकळले, आणि शेवटी तो कुणामुळे शिवला ते पाहिल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितेय. तोंडावर विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत!

भावोजी म्हणाले, "धाकट्याच्या शिक्षणाचं मी बघेन." कावळा ढिम्म. मी पदर पसरून म्हटलं, "मी नीट राहीन, काळजी करू नका." मेला पिंपळावरून हलला नाही. मग मागून ती पुढे आली. खारबावची वनिता, तुमची रविवारची शिकवणी. हात जोडून म्हणाली, "सर, यंदा एमएस्सीची परीक्षा देनार म्हंजे देनार." आणि कावळा झपकन खाली! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

आता मी काय समजायचं?

मोबाइलवर मिस्ड कॉल आला की तुम्ही चपला घालायचात. कुठे, विचारलं तर "गणित" एवढंच. कॉलेजात दिवसभर गणित शिकवून भागत नव्हतं? एकदा तर मी तुमच्या शर्टाचा वास घेतला होता. खडूच नाकात गेला, तरी मला पटलं नाही.

संध्याकाळी तिला ओट्यावर अडवलंच. "काय शिकवायचे ते सांग." वाटलं, त-त-प-प करेल. तर म्हणाली, "मॅडम, सहा दोन तऱ्हांनी फुटतो."

खोटं! लग्नानंतर शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात, वाटाणे सोलता सोलता तुम्हीच मला शिकवलंत. आकडा कसाही फोडा, शेवटी त्याच मूळ संख्या हाती येतात. सहाचे दोन आणि तीन, तिसरं कुणी नाही. तुमचं दुसरं काही नाही, पण हे मी डोळे मिटून मानलं होतं.

"त्ये आपल्या साध्या आकड्यांत," ती म्हणाली. "वजा पाचाचं वर्गमूळ आत घेतलं का न्हाय टिकत." कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं तिनं. एक अधिक ते मूळ, गुणिले एक वजा ते मूळ. मी स्वतः करून पाहिलं. सहाच!

म्हणजे खरंच गणित शिकवत होतात. जीव भांड्यात पडला. पण मला अर्धंच का सांगितलंत हो? तिला झेपेल आणि मला नाही, हे कुणी ठरवलं? दुसरी बाई असती तर भांडून मोकळी झाले असते. या वर्गमुळाशी कशी भांडू?

पुढे आयडियल म्हणून काही आहे म्हणे, आकड्यांचा अख्खा गठ्ठाच. आकड्यांऐवजी ते फोडले की पुन्हा एकच तऱ्हा निघते. तेवढं शिकवायचं तुमचं राहिलं, असं ती म्हणते. खरं असेल?

तर ऐका. दर रविवारी ती आपल्या ओट्यावर बसून अभ्यास करणार, माझ्या डोळ्यांसमोर. विश्वास बसला म्हणून नाही, लक्ष ठेवायला. आणि मला न सांगितलेलं सगळं मी तिच्याकडून काढून घेणार. वर्षश्राद्धाला त्या पिंपळाखाली तुमचं ते आयडियल मी स्वतः सांगेन. बघू, तेव्हा कावळा कुणाच्या शब्दाला उतरतो!

तुमची, अजून संशयीच,
सुमन