हिरवी पुडी कोणी खाल्ली

प्रिय युनजू,

सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची लियाओ. देवळाचे लोक आपल्याकडे येणार हे तिला कुठून कळतं देव जाणे! मग देवळाचे अध्यक्ष त्साई, आणि मागून त्यांचा भाचा, तैपेईत संगणक शिकलेला. दारात बूट काढायचंही भान नाही!

समुद्राची देवी माझू, तिच्या यंदाच्या झग्यावरचं भरतकाम आपण करायचं की कारखान्याने, ते ठरवायला आले होते. त्साई म्हणाले, "वहिनी, आमच्या दोस्ताचा ड्रॅगन अजून भरतकामाच्या मशीनवर उमटतो, एवढं दाखवा. काम तुमचं." आता आजोबांनी मागे ठेवलेली ती नक्षी उघडते फक्त त्या जुन्या विंडोजमध्ये. म्हणून तर तू आपल्या खटाऱ्याच्या पोटात तो दुसरा, नुसत्या प्रोग्रॅमचा संगणक बसवून दिलास! मी ऐटीत बटण दाबलं. उघडायला वेळ लागतो, म्हणून चहा आणायला आत गेले. तेवढ्यात त्या दीडशहाण्याने काय करावं? "आतल्याला मेमरी कमी दिलीय, आजी," म्हणत त्याला बंद केलं, जवळजवळ सगळी मेमरी देऊन टाकली आणि पुन्हा सुरू केलं. अगं, मेमरी दोघांत एकच, मग बाहेरच्याने श्वास कशाने घ्यायचा? दोघेही ठप्प झाले! वर मलाच म्हणतो, "भंगार आहे, फेकून द्या."

आणि बोलताना तोंड चालूच! बघते तर संगणकावर ठेवलेली आपली खाऊची हिरवी पुडी फोडून बसलेला! मी किंचाळलेच. "अरे मेल्या, संगणकाने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवलेली असते ती! आईने काही शिकवलं नाही तुला?" त्साई पांढरेफटक पडले. "गाढवा, पुडी खाल्लीस? बँकेतसुद्धा मशीनवर असते, कुणी हात लावत नाही तिला!" लियाओ म्हणाली, "तरीच बंद पडलं!" भाचा बोटं चाटायची की लपवायची, या विचारात. शेवटी त्साईच म्हणाले, "वहिनी, पुडी खाल्ल्यावरची परीक्षा धरायची नाही. आम्ही परत येऊ." ते गेल्यावर मी इतकी हसले, इतकी हसले!

पण पोरी, तो संगणक अजून तसाच गप्प आहे. आतल्याचा मेमरीचा वाटा कमी करायला माझा हात धजत नाही. आजोबा आहेत ना आत. तू ये. कालवांचं धिरडं करते. येताना पुडी आण, हिरवीच, सिग्नलच्या चालू दिव्यासारखी. तुझ्या बापाने पिवळी आणली होती तेव्हा काय झालं आठवतंय ना? आणि तिच्यावरची तारीख उलटलेली नाही ना, ते बघून घे. ते लोक पौर्णिमेला सकाळी येणार आहेत.

तुझीच,
अजून धुसफुसणारी आमा आजी