चीनच्या खालची खुर्ची

भाईंदर, ऑगस्ट २००५

ती. आबांना जितेशचा नमस्कार.

मी मजेत, पोटभर जेवतोय. शाळेतून फोन येईल, त्याआधी माझं ऐका.

वर्गात युनोची खोटी सभा भरवलेली. भारताला कायमची खुर्ची द्यायला सगळे तयार, पण चीन झालेला निकेत ‘नाही’ बोलला आणि विषय खल्लास.

"सर, असा हक्क पाचच देशांना का?"

"त्यांनी महायुद्ध जिंकलं."

"मग आमचे आजोबा पाय घालवून आले, ते काय तिकडे फिरायला गेलेले?"

"गप बस!" सर खेकसले. मग मी निकेतच्या खालची खुर्ची ओढली.

आता माफी मागितली तरच दहावीला बसवणार. मागतो.

आजोबांच्या कुबडीला नवीन रबर बसवलं का? त्यांना यातलं काही सांगू नका. त्यांना अजून वाटतं, ते युद्ध आपण जिंकलो.

तुमचा कार्टा,
जितेश