नखांवरची मेंदी

३० जुलै २०२५, बुधवार

अडतीस बायका! वीस येतील असंही वाटलं नव्हतं. हिंगोलीजवळच्या गोरेगावात समाजमंदिरात सतरंजी अंथरली, आकांक्षाने तिचं यंत्र मांडलं. सुई टोचायची नाही. बोटाला चिमटा लावायचा, उजेड नखातून आरपार जातो, अंगात रक्त किती ते पडद्यावर येतं. कालच पंचमी झाली, म्हणून लेकी माहेरी. प्रतिक्षा नावाची आठव्या महिन्यातली पोर चिमट्याकडे बघून म्हणाली, "नवऱ्यानं कधी बोट धरलं न्हाई, यानं धरलं." हसण्याच्या नादात दोन आकडे लिहायचे राहिले.

सगळ्यांचे आकडे छान. आकांक्षा सत्तावीस वर्षांची, तीन वर्षं यात घातली आहेत. अशा छोट्या कंपन्यांची आरोग्य-यंत्रं गावात नीट पोचतील हे बघणं, हेच सल्लागार म्हणून माझं काम. घरी येऊन लगेच यंत्रांना मंजुरी देणाऱ्या समितीला शिफारस पाठवली — यंत्र पुढे जाऊ द्या.

१ ऑगस्ट

पाय दुखतात. समाधान आहे.

२ ऑगस्ट

गोरेगावच्या आशा सेविका जनकाबाईंचा फोन. काल त्या प्रतिक्षाला जीपने हिंगोलीला घेऊन गेल्या, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. आपल्या यंत्रावर ११.४ होतं. तिथे ६.९. "ताई, पोरीची पापणी आतून पांढरीफटक. मी यंत्राचं काहून ऐकू?" आवाज शांत होता, त्यानेच जास्त लागलं. प्रतिक्षाला भरती केलंय, रक्त देतायत.

त्या दिवशीचे फोटो काढून बघितले. बोटं. नखं. मेंदी! गडद रंगलेली. तो लाल रंग यंत्राने रक्तात धरला.

आकांक्षाने महिनाअखेरची कुठलीही तारीख मागितली होती. मीच म्हटलं, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी घे, लेकी एका जागी भेटतील. मी इथल्याच पुसेगावची! लहानपणी पंचमीच्या आदल्या दिवशी नखांवर मेंदीचे गोळे बांधून झोपायचे. पुण्याच्या पोरीला हे कुठून कळणार? त्यासाठीच तर तिने मला सोबत घेतलं होतं.

३ ऑगस्ट

आकांक्षाला सांगितलं. तिने लगेच अडतीस जणींची यादी उघडली. मग म्हणाली, आधी सगळ्या बायका शोधू, बाकीचं नंतर. "नंतर" हा शब्द खटकला. समितीची बैठक आठ तारखेला आहे. लपवणार तर नाही ना ही? पण मी तरी काय करतेय — शिफारस मागे घेतली की तिचं यंत्र संपलं. दोनदा पत्र लिहायला बसले, दोनदा उठले. तव्यावर भाकरी करपली.

५ ऑगस्ट

लेकी सासरी पांगल्या. आकांक्षा आणि जनकाबाई गावोगाव जीपने. एकतीस सापडल्या, सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं. चौघींचं फार कमी. मी फोन करत बसले. माफी मागताना प्रत्येक वेळी आवाज लहान होत गेला.

७ ऑगस्ट

बाकीच्या काल सापडल्या, फक्त शितल राहिली होती. सातवा महिना, यंत्रावर १२. फोन बंद. विचारत विचारत आकांक्षाने आणि मी जवळा बाजार गावात तिचं सासर गाठलं. सासू म्हणाली, मशीननं बरं सांगितलंय की, म्हणून सोयाबीनात खुरपायला धाडली.

शितल बांधावर बसली होती, धाप लागलेली. आकांक्षा चपला हातात घेऊन चिखलातून तिच्यापर्यंत गेली, समोर खाली बसली. "माझं यंत्र चुकलं, ताई."

शितलने खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग चला की दवाखान्यात. बसून काहून राहिलात?"

५.८. भरती केली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

पत्र आजही लिहिलं नाही.

८ ऑगस्ट

समितीतून फोन. आकांक्षाने तीन तारखेलाच सगळं कळवलंय, यंत्र स्वतःच मागे घेतलंय. तिच्या पत्रात लिहिलंय — "सल्लागार बाईंनी मेंदीबद्दल आधीच सावध केलं होतं, मी ऐकलं नाही."

ते फोन ठेवत होते. म्हटलं, "थांबा. असं काही मी सांगितलं नव्हतं."