प्लास्टिक न काढलेली खाट

मंगळवार, दिवेलागण

जुना दवाखाना बंद करायची एवढी घाई कशाला केली यांनी? नवी इमारत बांधली, रिबीन कापली, फोटो काढले आणि आमच्या नर्सबाईंना उचलून रोह्याला पाठवलं. म्हणे सरकारची नवी पद्धत.

आज सुनेला नव्या दवाखान्यात नेली. नववा लागलाय, पाय सुजलेत, सकाळपासून डोकं दुखतंय म्हणते. प्रेशर बघायला माणूस नाय. बाळंतपणाच्या खोलीत खाट नवी कोरी, पण तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाय.

शिपाई म्हणाला, "मावशी, सामान आलंय, माणसांची ऑर्डर नाय आली."

"मग पोर काय ऑर्डर बघून येणार व्हय?"

तो हसला. सून हसली नाय, त्या प्लास्टिककडेच बघत होती. मला तिचं ते बघणं आवडलं नाय. माझ्या जावेचंही असंच पाय सुजून सुरू झालं होतं. पुढचं लिहीत नाय.

उद्या उजाडताच पेणला नेते. पण कळा अवेळी आल्या आणि वाटेत ट्रकांची रांग लागली, तर?

येताना तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, "पदं मंजूर आहेत, प्रक्रिया चालू आहे." मी म्हटलं, सूजही चालूच हाय साहेब. नर्सबाई कधी येणार ते शुक्रवारपर्यंत सांगा, नायतर सुनेला घेऊन तुमच्या हापिसात येऊन बसते. मग तिथं कोण बाळंतपण करणार, तेही शुक्रवारीच सांगा.