लाकडी घर, तेरा पायऱ्या आणि राहून गेलेली लिफ्ट

मी, नोरीन एल्सी टेटलो, वय ७७, कै. क्लॅरेन्स ऊर्फ क्लॅरी टेटलो यांची पत्नी, राहणार मेरीबरो, क्वीन्सलँड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा खुबा तेवढा नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी उठून फेऱ्या माराव्या लागतात. अक्षर मध्येच बदललेले दिसले तर त्याचे कारण तेवढेच समजावे, कोणाचा दबाव नव्हे. ऑक्टोबरात ब्रिस्बेनला खुब्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. क्लॅरीच्या वेळीही ते तेच म्हणाले होते.

१. मार्च २०२० मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे काही मुलगी डेल्विन हिला दिले होते, आणि मुलगा मरे याला फक्त त्याच्या वडिलांचे घड्याळ, "म्हणजे त्याला वेळेची किंमत कळेल." हे वाक्य मी मुद्दाम घालून घेतले होते. वकील म्हणाला होता, "बाई, असलं काही लिहू नका." मी म्हणाले, "फी मी देतेय ना? मग लिहा." ते वाक्य का घातले आणि आता का काढते, हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणालाच कळणार नाहीत.

२. माझे राहते घर. हे उंच लाकडी खांबांवर उभे आहे, वर राहायचे, खाली क्लॅरीचे सुतारकामाचे बाक आणि मागचे आवार. मध्ये तेरा पायऱ्या. क्लॅरी सुतार. त्याने अर्ध्या गावाची स्वयंपाकघरे बांधली आणि आमच्या घरी मी एकतीस वर्षे फळकुटाच्या मांडणीवर भांडी ठेवली. मी हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवून द्यायचे. लोक एक डबा रंग न्यायला येत आणि सगळे घर सांगून जात. कोणी भिंत पाडली, कोणी किती खर्च केला, कोणाचा नवरा अजून मोजमापच घेतोय. रोज ऐकून ऐकून माझे डोके फिरे.

२०१६ साली आमच्याकडे चौसष्ट हजार डॉलर साठले. क्लॅरीने वहीत दोन पाने केली. एकावर स्वयंपाकघर. दुसऱ्यावर लहान लिफ्ट आणि खालच्या मजल्यावर न्हाणीघर, कारण त्याचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. तो म्हणाला, "दोन्ही नाही जमायचं, नोरीन. बोल, आधी काय?"

मी म्हणाले, "मला एकदा तरी दार लागणाऱ्या कपाटात भांडी ठेवायची आहेत."

त्याने दुसरे पान दुमडले. हसला. एवढेच.

भिंत उघडली तर आत ॲस्बेस्टॉसचे पत्रे, ज्यांची धूळ फुप्फुसाला घातक. ते काढायला वेगळी माणसे, वेगळे कपडे, वेगळे बिल. कोपऱ्यातला खांब वाळवीने पोखरलेला. अडीअडचणीसाठी दहा टक्के बाजूला ठेवले होते, ते पहिल्या आठवड्यातच संपले. ओट्याचा दगड मी स्वस्तातला घ्यायला हवा होता. घेतला नाही. शेवटी अंदाजापेक्षा अकरा हजार जास्त गेले आणि गाठीला काही उरले नाही. स्वयंपाकघर मात्र देखणे झाले. मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे.

३. जुलै २०१८ मध्ये क्लॅरीची डावी बाजू लुळी पडली. चाकाची खुर्ची आली. तेरा पायऱ्या होत्या तिथेच होत्या. मरे बंडाबर्गहून धावत आला आणि म्हणाला, "आई, लिफ्टचा खर्च माझा. फक्त तीन कोटेशनं घेतो, फसायला नको."

पहिले कोटेशन सप्टेंबरात. दुसरे नाताळानंतर. तिसरे येईना. मी फोन करायचे, "अरे, काय झालं?" तो म्हणायचा, "बघतोय, आई." क्लॅरी खिडकीशी बसून खालचे आवाज ऐकायचा. एकोणीस महिने. फेब्रुवारी २०२० मध्ये तो गेला, आणि त्याला खाली नेले ते चार माणसांनी, पायऱ्यांवरून, तिरपे धरून.

त्या दिवसापासून मी मरेला घरात जेवायला वाढले नाही. तो येई, पन्हळ साफ करी, गवत कापी, व्हरांड्यात चहा पिऊन जाई. दर महिन्याला. मी कप ठेवून आत जायचे.

४. गेल्या शनिवारी तो पन्हळीचा पाइप दुरुस्त करायला आला होता. मी त्याला सांगितले की ऑपरेशनआधी कागदपत्रे आवरते आहे, आणि त्याने काही अपेक्षा ठेवू नये.

तो म्हणाला, "मला काही नकोय, आई."

"नकोच असणार. बापाला वर कोंडून ठेवलंस, आता घर कशाला हवं?"

तो शिडीवरून उतरला. बावन्न वर्षांचा माणूस, हातातला पाना पुसत राहिला. "बाबांनीच सांगितलं होतं मला. दुसऱ्या कोटेशननंतर. म्हणाले, घाई करू नकोस. होता होईतो लांबव."

"खोटं बोलतोस."

"म्हणाले, वर आहे तोवर मी आजारी माणूस आहे. खाली गेलो की करवत दिसेल, रंधा दिसेल, आणि हात उचलणार नाही. शेजारीपाजारी कुंपणाशी येऊन कीव करतील. मी म्हटलं, आईला सांगा तसं. तर म्हणाले, तिला कळलं तर ती मला पाठुंगळी मारून खाली नेईल. शपथ घातली होती त्यांनी मला."

मी त्याला म्हणाले, "चालता हो. मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतोस?" तो गेला. पाइप अर्धाच बसवलेला होता.

सोमवारपर्यंत मी एका जागी बसले नाही. कपाटे उघडली, मिटली. डेल्विनला पर्थला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुला कितीदा सांगितलं, ते घर विक आणि एखादा छोटा फ्लॅट घे." मी फोन ठेवला. मग लिफ्ट बसवणाऱ्या बर्ट क्वेलच्या दुकानात गेले. दुसरे कोटेशन त्याचे होते. मी विचारले, "बर्ट, तेव्हा काम का नाही झालं?"

तो म्हणाला, "नोरीनबाई, क्लॅरीनं स्वतः फोन केला होता. शब्द नीट फुटत नव्हते, पण मला कळलं. म्हणाला, राहू दे, माझ्या पोराला काही बोलू नकोस, तो मी सांगतो तसंच करतोय."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. चार वर्षे मुलावर राग धरणे सोपे गेले, कारण तो राग माझ्याकडे वळवला असता तर या स्वयंपाकघरात माझ्या घशाखाली चहा उतरला नसता. आणि क्लॅरीवर मी आता रागावले आहे, हेही लिहून ठेवते. खरोखरच मी त्याला पाठुंगळी मारून नेले असते.

५. म्हणून क्लॅरीच्या विम्यातून आलेल्या, बँकेतल्या त्र्याऐंशी हजारांची वाटणी मी हयातीतच ठरवते. लिफ्टसाठी साडेसेहेचाळीस हजार. न्हाणीघर, रुंद दार आणि उंबऱ्याशिवायची फरशी, बावीस हजार. अडीअडचणीसाठी दहा हजार, त्याला कोणी हात लावू नये, कारण जुन्या घराच्या भिंतीत काय निघेल ते देवालाही ठाऊक नसते. उरलेल्यात माझे दफन. शवपेटी साधी असावी. लिफ्टचे कोटेशन एकच घ्यावे, बर्टचे.

काम अर्धवट असताना मी गेले, तर ते पुरे करूनच घराचे काय ते करावे. लिफ्ट आता कोणासाठी, असे डेल्विनने विचारू नये. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशी माणसे या गावात कमी नाहीत.

६. माझ्या मागे घर मरे आणि डेल्विन यांना निम्मे निम्मे. हत्यारे सगळी मरेची. रंधे तेल लावून ठेवले आहेत. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडणारा व्यवस्थापक म्हणून मी मरेला नेमते. डेल्विन, तुझा राग होईल. पण दर महिन्याला गवत कोणी कापले?

७. शेजारीण इल्मा ग्रोसर हिला माझी ऑर्किडची रोपटी द्यायची होती. पण ती इथे साक्षीदार आहे, आणि वकील म्हणतो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा इल्मा, सही झाली की आजच उचलून ने.

८. या कलमात मी मरेची माफी मागितली होती. चार ओळी लिहिल्या होत्या, बऱ्या उतरल्या होत्या. मग लक्षात आले की हा कागद मी गेल्यावर उघडणार, आणि पोराला आणखी कितीतरी वर्षे व्हरांड्यात बसावे लागणार. म्हणून त्या चार ओळी मी खोडल्या आहेत, आणि खोडाखोडीशेजारी सही केली आहे. इल्माची गाडी दारात उभी आहे. सह्या झाल्या की आम्ही बंडाबर्गला निघतो. त्याला कळवलेले नाही.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिले असून ते मला मान्य आहे.

सही: नोरीन ई. टेटलो

आम्हा दोघांच्या समोर तिने सही केली आणि तिच्या समोर आम्ही:

१. इल्मा ग्रोसर, शेजारीण
२. लेस्टर पिम, निवृत्त पोस्टमास्तर

ठिकाण: मेरीबरो, क्वीन्सलँड
दिनांक: १२ जुलै २०२४