ओजसच्या पोटासाठी दही

३ फेब्रु. २०२१, अ‍ॅमस्टेलव्हीन
ओजसच्या गोळ्या आजपासून परत. माझ्या या रूममेटच्या पोटात अल्सर करणारा जंतू. दोन अँटिबायोटिक्स, वर अ‍ॅसिडची गोळी, चौदा दिवस. नोव्हेंबरात जुलाब लागले म्हणून पाचव्या दिवशीच सोडल्या साहेबांनी. हाउसआर्ट्सबाई, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाल्या, या वेळी कोर्स पुरा करायचाच. प्रोबायोटिकने जुलाब कमी होतील कदाचित, पण ते गोळ्यांऐवजी नाही, सोबत.
रेवती दही-कॅप्सूल आणून द्यायला लगेच तयार. माझी रेवती. दीड वर्ष. लिहून ठेवलेलं बरं.

५ फेब्रु.
कोविडमुळे घरात दिवसाला एकच पाहुणा, असा नियम. आजची पाहुणी रेवती. उइटहॉर्नहून बसने, विरजण लावलेलं दही बरणीत. प्रोबायोटिक कॅप्सूलची डबी. फ्रिजवर वेळापत्रक: गोळी आठला, कॅप्सूल दहाला.
माझ्या वाढदिवसाला तिचं चॉकलेट पोस्टाने आलेलं. बसमध्ये कोविड असतो म्हणून.
"ओज्या, दही गार खाऊ नकोस हं."
ओज्या! मी मात्र 'निषाद'. अख्खा.

९ फेब्रु.
बर्फ. गोठलेल्या कालव्यावर बगळा, खाली बघत. मासा दिसत असणार. मीही थांबलो. तास गेला. ओजसला दहाची कॅप्सूल द्यायची राहिली.
रेवतीचा फोन. "निषाद, एक काम सांगितलं होतं तुला."
त्याला हात नाहीत?

११ फेब्रु.
काल नवी बरणी आली. आज सगळ्या दह्याची कढी केली. आलं, हिंग, कढीपत्ता, दणदणीत उकळी. ओजसने दोन वाट्या ओरपली, वर "भारी झालीय रे."
रेवती फोनवर: "उकळलंस? अरे, त्यातले चांगले जंतू मेले ना सगळे! कशाला देतेय मी दही?"
"मला काय माहीत!"
माहीत होतं. फ्रिजवर तिनेच लिहिलंय, गरम करू नये.

१२ फेब्रु.
ओजस सकाळपासून पाच वेळा संडासात. डोळे खोल गेलेत. आठची गोळी घेतली नाही.
"नऊ दिवस झाले, बास. रेवतीला सांगू नकोस. उगाच धावत येईल."
येईलच. न सांगितलं तर नाही येणार. तेच तर हवं होतं मला. पण जंतू आतच राहिला तर...
कढीमुळे झालं का? गोळ्यांमुळेही असेल. कुणाला कळणार.
अकराला फोन केला तिला. गोळीचं सांगितलं. मग कढीचं. मुद्दाम केली, हेही.
ती एवढंच म्हणाली:
"आधी डॉक्टरांना फोन लाव. मी निघते."
लावला. बाई म्हणाल्या, राहिलेली गोळी आत्ता घ्या, मीठ-साखरेचं पाणी पीत राहा, थांबलं नाही तर परत फोन करा. ओजसने गोळी घेतली, मला शिव्या घालत. "चुगलखोर" त्यातली सगळ्यात सौम्य.
तिची बस पावणेएकला. स्टॉपवर जावं का? नको म्हणाली तर?
बूट घातलेत. बसलोय तसाच.